मणीसाठी वाचणारं माणूस

थोरली शाळेचे गणवेश शिवायची. आपल्या मणीचा आणि धाकट्या जावेच्या लेकीचा गणवेश ती एकाच कापडातून बेतायची. दोघी बारा वर्षांच्या. पण जावेची लेक सातवीत, आणि मणी पाचवीतच, तीही दुसऱ्यांदा, विशेष वर्गात. छापलेली अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे ठरत नसत. निकालाच्या दिवशी धाकटी हळहळायची, "आमचीचे गणितात दोन मार्क गेले हो ताई," तेव्हा थोरली मनात म्हणायची: दोन गेल्याचं दुःख! आपल्या नशिबी ते कधी यायचं?

यंदा नियम बदलला. विशेष वर्गातल्या मुलांनाही इतरांचीच प्रश्नपत्रिका. पन्नासात अठरा मिळाले तर सहावी, नाहीतर पुन्हा पाचवी.

विशेष वर्गाच्या बाईंनी सवलतीचा फॉर्म पुढे सरकवला. "सही करा. प्रश्न वाचून दाखवायला माणूस मिळेल, वेळही जास्त."

"आणि निकालावर?"

"'सवलतीसह' असं येईल."

थोरलीने पेनाला टोपण लावलं. "नव्या कपड्याला ठिगळ कशाला? जावेची लेक देते तसाच पेपर माझीही देईल."

"अहो, तिला ऐकून सगळं येतं. वाचून नाही."

"येईल."

महिनाभर तिने मणीला मशीनशेजारी बसवून उत्तरं घोकून घेतली. सराव परीक्षेत मणीने ती घोकलेल्या क्रमाने उतरवली. प्रश्न मात्र दुसऱ्याच क्रमाने होते. पन्नासात तीन.

बाईंनी निरोप धाडला: फॉर्मची मुदत उद्यापर्यंत, पण शाळेकडची वाचणारी माणसं संपली. घरचं मोठं माणूस चालेल, आईवडील सोडून.

दीर फिरतीवर. उरली कोण?

थोरली दोनदा स्वयंपाकघराच्या दारातून परत आली. तिसऱ्यांदा म्हणाली, "परीक्षेच्या आठवड्यात तुला वेळ आहे का गं?"

"मणीसाठी ना?" धाकटीने हातातलं भांडं खाली ठेवलं. "कधीची वाट बघतेय, तुम्ही विचारता कधी."

हेही थोरलीला लागलं. चांगुलपणातसुद्धा ही एक पाऊल पुढे!

त्या संध्याकाळपासून पलीकडच्या खोलीत सराव सुरू झाला. थोरली मशीन थांबवून कान देई.

"काकू, तो प्रश्न परत वाच ना. बेडकाच्या आवाजात."

धाकटी बेडकाच्या आवाजात भागाकार वाची आणि मणी खिदळत बरोबर उत्तर देई. आपल्याजवळ ही कधी अशी खिदळली? थोरलीने एक बाही उलटी शिवली आणि दातांनी टाके उसवले.

परीक्षेत मणीला एकवीस मिळाले. पायरीपासूनच ती ओरडत आली, "काकू! एकवीस!" आणि आईला ओलांडून थेट आत पळाली. धाकटीने तिला खांद्याला धरून वळवलं. "अगं, आधी आईला."

सहावीच्या प्रवेशाला थोरली शाळेत गेली. सवलतीचा फॉर्म तिने स्वतःच मागून घेतला, सही केली.

बाई म्हणाल्या, "या वर्षी शाळेचं माणूस देता येईल. जाऊबाईंना कशाला त्रास?"

थोरलीला एकदम मोकळं वाटलं. ती हो म्हणणारच होती. बाहेर मणी भिंतीला टेकून उभी होती. थोरलीने तिच्याकडे पाहिलं.

"नको," दात उपटून दिल्यासारखं ती म्हणाली. "तीच बरी."