फाटलं तर बदलून कोण देतं?

लोणावळ्याच्या भाजी मंडईच्या तोंडाशी नूरमहंमद यांची चार फूट बाय तीन फुटांची टपरी आहे. तिच्यावर ‘फाटक्या, जळक्या, भिजक्या नोटा बदलून मिळतील’ अशी पाटी आहे. मी त्याच बाजारातल्या एका बँकेत कॅश काउंटरवर एकतीस वर्षे काढली. येत्या मार्चमध्ये निवृत्त होईन. नोटा बदलायचे काम आमच्याकडे फुकट होते. तरीही लोक शंभरामागे दहा रुपये सोडून नूरभाईंकडेच जात. याचे कारण मी बरीच वर्षे शोधत होतो. नूरभाई गिऱ्हाइकाला बसायला स्टूल देतात आणि नोट कशी फाटली याची हकिकत शेवटपर्यंत ऐकून घेतात. आमच्या अर्जात हकिकतीसाठी रकाना नाही.

त्यांची हत्यारे मोजकी. तांदळाच्या पिठाची खळ, पतंगाच्या कागदासारखा पातळ कागद, एक चिमटा, आणि चौकोन आखलेला पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा. नोट त्या तुकड्याखाली सरकवायची आणि उरलेले चौकोन मोजायचे. पन्नास रुपयांपासून वरच्या नोटेचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग असेल तर पूर्ण किंमत, चाळीस ते ऐंशी असेल तर निम्मी, त्याखाली काही नाही. हा नियम आमच्या नवीन अधिकाऱ्यांना परिपत्रक उघडून बघावा लागतो. नूरभाईंना तो कलम्यासारखा पाठ आहे.

माल तीन ठिकाणांहून यायचा. धबधब्यात भिजलेल्या नोटा पर्यटकांच्या. घड्या पडून दोन तुकडे झालेल्या नोटा उर्से टोलनाक्याच्या. आणि उंदीर-वाळवीने खाल्लेल्या नोटा कुरवंड्याच्या वाड्यांवरच्या. पुढे टोलला काचेवरचा फास्टॅग आला, पर्यटक भुट्ट्याचे पैसेही मोबाइलने देऊ लागले. योगायोग असा की उर्शाच्या नाक्यावर फास्टॅग वाचणाऱ्या यंत्रांची देखभाल करायला नूरभाईंचा मुलगा इरफानच लागला.

“बापाची रोजी पोराने खाल्ली,” असे नूरभाई आल्यागेल्याला सांगत. त्यात तक्रारीपेक्षा अभिमान जास्त असे.

इरफान मात्र फास्टॅगवर थांबणारा नव्हता. बिटकॉइन नावाचा जो पैसा कुठलेच सरकार छापत नाही, तो इरफान तीन वर्षे पगारातून थोडा थोडा घेत होता. सगळे मिळून तीन लाख वीस हजार घातले होते. कामशेतला दोन खोल्या बुक करायच्या होत्या. बायको जिया आणि मुलगी आयरा यांच्यासह तो आईबापांच्या दीड खोलीत राहत होता, आणि जियाने यंदाची दिवाळी ही शेवटची मुदत दिली होती. गेल्या वर्षी त्या तीन लाख वीस हजारांचे अकरा लाख झाले, आणि इरफान रविवारी टपरीवर बसून जगाचे अर्थकारण समजावू लागला.

“साहेब, डॉलर आता उतरणीला लागला,” तो मला सांगे. “मोठमोठे देश तिजोरीत बिटकॉइन ठेवायचं म्हणतायत. उद्या सोन्याची जागा हाच घेणार. आणि एकूण दोन कोटी दहा लाखच निघणार, एक जास्त नाही. नोटा काय, सरकार हव्या तेवढ्या छापतं.”

“आणि फाटलं तर बदलून कोण देतं?” नूरभाईंनी विचारले.

“अब्बा, ते फाटतच नाही.”

“जे फाटत नाही ते हरवतं. हरवलं तर?”

“बारा शब्द असतात. कागदावर लिहून ठेवायचे. फोन गेला तरी नव्या फोनवर ते बारा शब्द ओळीने भरले की पैसा हजर.”

“म्हणजे शेवटी कागदच,” नूरभाई म्हणाले, आणि चिमटा हातात घेतला.

तो कागद इरफानने सांभाळायला बापाकडेच दिला. बँकेतल्या लॉकरवर त्याचा विश्वास नव्हता, कारण त्याच्या मते बँकाच जाणार होत्या. दुसरी प्रत ठेवायची नाही असे कुठल्याशा व्हिडिओत सांगितले होते. दुसरी प्रत म्हणजे दुसरा चोर.

नूरभाईंनी ही जबाबदारी धंद्याच्या रीतीने घेतली. वहीचे पान पातळ दिसले, म्हणून आधी त्याला मागून खळ लावून कागद चिकटवला. मग एखादी मोठी नोट पुण्याला बदलायला पाठवायची असली की तिच्या पावतीच्या चिठ्ठीचे ते जे करतात, तेच या कागदाचे केले. चिठ्ठी मधोमध वेडीवाकडी फाडायची, निम्मी आपल्याकडे ठेवायची आणि निम्मी बाहेरच्या विश्वासू माणसाला द्यायची. दोन्ही कडा जुळल्याशिवाय व्यवहार नाही. वरचे सहा शब्द त्यांच्या पत्र्याच्या डब्यात राहिले. खालचे सहा कुरवंड्याच्या डोंगरावरच्या वाडीतल्या बाया नावाच्या बाईकडे गेले. बाया साठीची, मजुरीला जाणारी. एकदा तिने अशीच चिठ्ठी दोन वर्षे सांभाळून सुरकुती न पडता परत आणली होती. शिवाय तिला वाचता येत नव्हते. ही तिची जादा पात्रता. इरफानला यातले काही सांगितले नाही. गिऱ्हाइकाला तिजोरी दाखवायची नसते.

श्रावणात उर्शाच्या नाक्यावर इरफानच्या खिशातून फोन निसटला आणि चौदा चाकी ट्रेलर त्याच्यावरून गेला. ट्रेलरचा फास्टॅग बिनचूक वाचला गेला, फोनचे मात्र पीठ झाले. इरफान घाबरला नाही. नवा फोन घेतला, थेट टपरीवर आला आणि कागद मागितला. त्या दिवशी मी तिथेच होतो. नूरभाईंनी डबा उघडून निम्मा कागद पुढे केला.

“बाकीचा?”

“बायाकडे.”

“कोण बाया?”

“कुरवंड्याची. माणूस चोख आहे.”

इरफानने नवा फोन खाली ठेवला. “अब्बा, अकरा लाख रुपये तुम्ही डोंगरावर ठेवले?”

“बँका जाणार म्हणालास. डोंगर कुठं जातोय?”

निरोप गेला, आणि दुसऱ्या दिवशी बाया दोन तास चालून खाली आली. आल्या आल्या तिने स्टूलही घेतले नाही.

“नूरभाऊ, लय वंगाळ झालं बगा. आधारकार्डासंगं गाठोड्यात बांधून आढ्याला टांगलंतं. उंदरांनी आधार न्हाई खाल्लं, तुमची चिट्टी खाल्ली.”

“आधारला प्लॅस्टिक आहे,” नूरभाई हळूच म्हणाले. “चिठ्ठीला खळ होती.”

“व्हय, खळीचा वास लागला आसंल त्यास्नी.”

तिने पदराच्या टोकाची गाठ सोडून कागदाची कोर काढली. सहापैकी एकच शब्द शाबूत होता. इरफानने वाचला. राईस. खळ तांदळाची होती. उंदरांनी माल खाऊन नाव तेवढे शिल्लक ठेवले होते.

इरफान चार दिवस धावपळ करत होता. पिंपरीच्या एका संगणकवाल्याने सांगितले की एक-दोन शब्द गेले असते तर यंत्र लावून शोधून दिले असते. पाच म्हणजे आयराच्या नातवंडांपर्यंत यंत्र चालवावे लागेल. तक्रार कुठे करायची, असे इरफानने विचारले. संगणकवाला हसला. कुठेच नाही, हाच तर त्याचा मोठेपणा.

आमच्या बी.कॉम.च्या पुस्तकात पैशाची चार कामे दिली होती: विनिमयाचे माध्यम, मूल्याचे माप, मूल्याचा साठा आणि पुढच्या देण्याचे प्रमाण. बिटकॉइन ही चारही कामे उद्या करील की नाही यावर मोठ्या लोकांचे वाद चालू आहेत, आणि ते माझ्या निवृत्तीनंतरही चालतील. चुकलेल्या माणसाला थोडी दया दाखवणे हे पाचवे काम पुस्तकात नव्हते. ते नूरभाईंच्या टपरीवर होते. आणि इरफानच्याच हिशेबाने बघायचे तर जगातला थोडा बिटकॉइन कायमचा कमी झाल्यामुळे उरलेल्या सगळ्यांचा केसभर महाग झाला. कुरवंड्याच्या उंदरांनी जागतिक अर्थव्यवस्थेला एवढा हातभार लावला.

पुढच्या रविवारी नूरभाईंनी मुलाला बोलावून दोन्ही तुकडे प्लॅस्टिकखाली लावले आणि चौकोन मोजले. मला साक्षीला बसवले होते. जैतुनबी, म्हणजे इरफानची आई, जेवणाचा डबा घेऊन मागे उभी होती.

“बारापैकी सात शब्द. अठ्ठावन्न टक्के,” नूरभाई म्हणाले. “निम्मी किंमत.”

“कोण देणार निम्मी किंमत?” इरफान चिडला.

“पाटी वाच. फाडला मी, खळ लावली मी.”

तेव्हा इरफानमधला गुंतवणूकदार जागा झाला. “अकरा लाखांची निम्मी साडेपाच.”

“नोटेवर किंमत छापलेली असते. तुझ्या पैशावर काय छापलंय?”

“आजचा भाव अकरा लाख.”

“काल किती होता?”

“साडेदहा.”

“आणि उद्या?”

“उद्याचं कसं सांगू?”

“मग घातलेस तेवढे धरायचे. तीन लाख वीस. निम्मे एक लाख साठ.”

“घे रे गपचूप,” जैतुनबी म्हणाली. “साऱ्या दुनियेत तुझा फाटका माल घेणारा हा एकच वेडा निघालाय. त्याने विचार बदलायच्या आत घे.”

इरफानने घेतले. नव्वद हजारांचा आमच्या बँकेचा चेक होता. उरलेले सत्तर हजार म्हणजे नूरभाईंचे धंद्याचे भांडवल, सगळे चिकटवलेल्या नोटांत. प्रत्येक बंडलावर खरी किंमत पेन्सिलीने लिहिलेली. टपरीत मागे काही राहिले नाही. बायाने पैसे देऊ केले नाहीत, तिच्याकडे नव्हतेच. तिने पंधरा दिवसांनी टोपलीतून मांजराचे एक पिल्लू आणून टपरीत ठेवले. “ह्ये ऱ्हाऊ द्या हितं,” एवढेच म्हणाली.

काउंटरवर एका माणसाच्या खराब नोटा दिवसाला पाच हजारांपर्यंत हातोहात बदलून मिळतात. त्यामुळे इरफानला चौदा फेऱ्या लागल्या. नाक्यावरची सकाळपाळी संपल्यावरचे तास त्याने आमच्या रांगेत काढले. कामशेतच्या खोल्यांच्या मालकाने दोनऐवजी एका खोलीवर आणि एक लाख साठ हजारांच्या बुकिंगवर सौदा केला. जियाने दिवाळीची मुदत पाळली गेल्याचे मान्य केले, एकाच खोलीचे नाही.

शेवटच्या फेरीला इरफान माझ्यासमोरच्या रांगेत उभा होता. त्याच्या पुढच्या आजीबाईंची शंभराची नोट करपलेली होती आणि त्या चुलीची हकिकत सांगू लागल्या होत्या. मी सवयीने घड्याळाकडे पाहिले.

“सांगा आजी, मग काय झालं?” इरफान म्हणाला, आणि भिंतीजवळची खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.