खिंडीत झालेली पूजा

देव अंगावर बाळगायचा असतो, ही शिकवण मला कळत्या वयाआधीच मिळाली होती. पटली मात्र नव्हती. आम्ही लिंगायत. माहेरी आणि सासरी प्रत्येकाच्या गळ्यात इष्टलिंग असे. माझे मात्र लग्नानंतर काही वर्षांतच कपाटात जाऊन बसले होते. कुणी विचारले तर मी घामाचे कारण सांगत असे. खरे कारण वेगळे होते. सकाळी तळहातावर ठेवून मी त्याच्याकडे पाहायला बसे, तेव्हा मला एक गुळगुळीत काळा गोळा दिसे, त्यापलीकडे काही नाही. कवितेतल्या एका ओळीवर मी तासभर रेंगाळू शकत होते. या गोळ्यावर माझे मन पळभरही टिकत नव्हते. प्रारंभी त्याचे वाईट वाटत असे. पुढे तेही थांबले.

माझ्या सासूबाई, ज्यांना घरात सगळेच अव्वा म्हणत, याच्या अगदी उलट होत्या. पहाटे अंघोळ, मग डाव्या तळहातावर लिंग, त्यावर पाण्याची बारीक धार, विभूती, बेलाचे पान, आणि मग कितीतरी वेळ नजर न हलवता पाहत राहणे. ते ओघळलेले पाणी तीर्थ म्हणून घेतल्याशिवाय त्यांच्या ओठाला दुसऱ्या पाण्याचा थेंब लागत नसे. तापात नाही, बाळंतपणात नाही. त्यांच्या पूजेच्या तांब्याला मी, घरची सून, हात लावला तरी तो पुन्हा घासला जाई. त्यात राग नसे, शिस्त असे. पण त्या घासण्याचा आवाज मला लागत असे.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. कचेऱ्यांवर ताज्या रंगाचे फलक लागले होते आणि त्या फलकांखालून घागरींच्या रांगा जात होत्या. पाऊस लागोपाठ हुकला होता. उदगीरला आमच्या गल्लीत टँकरचे पाणी येई, ते गढूळ आणि जिभेला खारट. त्या उन्हाळ्यात अव्वांच्या मानेवर आणि छातीवर पुरळ उठले, मग त्याच्या जखमा झाल्या, आणि लिंगाचा दोरा नेमका त्यांवरूनच जाई. मलमे झाली, औषधे झाली. शेवटी कुणीतरी उनकेश्वरचे नाव काढले. किनवटच्या डोंगरात महादेवाचे ते ठाणे आहे. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडांत कातडीचे विकार बरे होतात, अशी लोकांची श्रद्धा आहे.

एस.टी.च्या गर्दीत अव्वांना कुणाचा धक्का सोसला नसता. आमच्या दुकानाचा माल वाहणारे महेबूबभाई त्याच सुमारास ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन किनवटहून बांबू आणायला निघाले होते. ते म्हणाले, जाताना ट्रॉली रिकामीच आहे, अम्माला घेऊन चला. मग ट्रॉलीत कडबा पसरला, त्यावर गाद्या टाकल्या, बांबूच्या कमानींवर ताडपत्री ताणली, पाण्याचे दोन ड्रम, राहुटी, स्टोव्ह आणि आठ दिवसांचा शिधा घेतला. ट्रॅक्टरवर महेबूबभाई आणि माझे यजमान. ट्रॉलीत अव्वा आणि मी.

मुखेड मागे पडेपर्यंतच अव्वांच्या पदरावर रक्ताचे ठिपके दिसू लागले. प्रत्येक हिसक्यासरशी दोरा जखमेवर घासत होता. मी म्हटले, "अव्वा, दोरा काढा. इथे कमानीला बांधते, तुमच्या डोळ्यांसमोर राहील."

"अंगावरचं काढायचं नसतंय, पोरी."

"मग जखम चिघळू द्यायची का? महादेवाला हे आवडेल?"

"त्याला काय आवडतं ते तुला कसं ठावं? तू तर त्याला कपाटात ठिवलीस," अव्वा म्हणाल्या आणि हसल्या. पण दुसऱ्या दिवशी भोकर ओलांडल्यावर, पहाटेची पूजा झालेली होती आणि वेदना सहन होत नव्हती, तेव्हा त्यांनी स्वतःच मान पुढे केली. मी लिंगाची चांदीची डबी एका पांढऱ्या फडक्यात गुंडाळली आणि ते फडके त्यांच्या डोक्यावरच्या कमानीला बांधले. दोन्ही गाठी मीच मारल्या.

हिमायतनगरच्या पुढे मोठ्या रस्त्यावरची मोरी खचली होती. महेबूबभाईंनी ट्रॅक्टर जंगलातल्या कच्च्या वाटेला घातला. दोन खिंडी ओलांडल्या की पुन्हा डांबरी रस्ता लागतो, असे त्यांना वाटेतल्या गुराख्याने सांगितले होते. ती वाट म्हणजे दगडांचा ओढाच होता. सागाची झाडे पानांवाचून उभी होती. चाकांखाली वाळलेला पाचोळा पापडासारखा मोडत होता. तापलेल्या दगडांचा, डिझेलचा आणि कुठूनतरी येणाऱ्या धुराचा वास एकमेकांत मिसळला होता. पहिली खिंड चढताना ट्रॉली दोनदा एका चाकावर उभी राहिल्यासारखी झाली. आम्ही दोघी एकमेकींना धरून बसलो. दिवस कलताना एका कोरड्या ओढ्याच्या काठी मुक्काम केला. अव्वांनी घोटभर पाणी घेतले, कमानीवरच्या फडक्याला हात जोडले आणि त्या झोपल्या.

पहाटे अंघोळ करून त्यांनी फडके सोडायला सांगितले. वरची गाठ तशीच घट्ट होती. पण डबीभोवतीची खालची गाठ सुटून पदर लोंबत होता, आणि फडके माझ्या हातात इतके हलके आले की उघडून पाहण्याआधीच मला सारे कळले.

आम्ही कडबा पेंढीपेंढीने झाडला. गाद्या उलगडल्या, ट्रॉलीच्या फळ्यांच्या फटींत काड्या घालून पाहिले. काही नव्हते. अव्वा दगडावर बसून पाहत होत्या. मला म्हणाल्या, "रडू नगंस. गाठच ती, सुटती." एवढेच. आणि मग त्यांनी पाण्याचा तांब्या स्वतःपासून दूर सरकवला.

माझ्या यजमानांनी समजावले, विनवले, शेवटी चिडून पाहिले. महेबूबभाई लांब उभे होते, ते जवळ आले. "अम्मा, आमच्या रोज्यात बी बीमार माणसाला माफी हाय."

"तुमचा अल्ला समजूतदार हाय, बाबा," अव्वा म्हणाल्या. "आमच्यावाल्याला बी जरा समजावून सांगा म्हणावं." महेबूबभाई हसले, पण त्यांनी तोंड लगेच दुसरीकडे वळवले.

दिवस उगवून कासराभर वर आला तेव्हाच हवा भट्टीसारखी झाली होती. सत्तरीला टेकलेली, जखमांनी आणि प्रवासाने खचलेली बाई त्या डोंगरात पाण्याशिवाय संध्याकाळ पाहील, याची मला खात्री वाटेना. दवाखाना किनवटला, तिथवर नेले तरी लिंगाशिवाय त्या पाणी घेणार नव्हत्या. यजमानांना त्यांच्याजवळ बसवून मी आणि महेबूबभाई आलेल्या वाटेने मागे निघालो. ते चाकाच्या एका चाकोरीतून, मी दुसरीतून. वाटेत चमकणारा प्रत्येक दगड मला चांदीचा वाटे. मी त्या वेळी प्रार्थना केली असे लिहिले तर ते शोभून दिसेल. पण मी केली नाही. मला कुणापुढे काही मागण्याचा हक्क उरला आहे, असे वाटतच नव्हते. मी फक्त खाली पाहत चालले होते.

खिंडीच्या माथ्यावर, वाटेच्या कडेला, एक बाई बसली होती. शेजारी तेंदूच्या पानांचा मोठा भारा. पन्नाशीची असावी, अंगाने काटक, हातांना पानांच्या चिकाचे काळे डाग. डोंगरापलीकडच्या गोंडवस्तीतली होती, हे तिने नंतर सांगितले. तिच्यासमोर एका सपाट दगडावर तेंदूचे ताजे पान होते आणि पानावर अव्वांचे लिंग. ते ओले होते. भोवती चारोळीची चार काळी फळे ठेवलेली. डबी बाजूला उघडी पडली होती.

"तुमचा देव हाय?" तिने विचारले. "कव्हाची वाट पाहून राहिले मी. म्हणलं, कुणाचा तरी असंल, येतीलच."

महेबूबभाईंनी विचारले, "बाई, हे ओलं कसं?"

"डबीत कोंबला व्हता न तुमी. डबी कशी तापली व्हती! हात लागंना. म्हणलं तहानला असंल. म्या पाणी घातलं." तिने शेजारचा भोपळ्याचा तुंबा उचलून हलवला. तो रिकामा होता.

मी हात पुढे केला, तर तिने पान आपल्याकडे ओढले. "तुझा हाय का?"

"माझ्या सासूबाईंचा."

"मंग सासूच्याच हातात देईन. असा वाटंवर कुणाच्या बी हाती देव देत न्हाईत." ती उठली, भारा झुडपाआड ठेवला आणि पान दोन्ही हातांवर धरून आमच्यापुढे चालू लागली.

त्या परतीच्या वाटेवर माझ्या मनात आनंद नव्हता, भीती होती. ज्या अव्वा माझ्या हाताचा तांब्या घासून घेत, त्यांचे लिंग एका परक्या बाईने हाताळले होते, त्यावर पाणी घातले होते, नैवेद्य दाखवला होता. त्या ते स्वीकारतील? आणि स्वीकारले नाही तर? मी मागे राहून महेबूबभाईंना हळूच म्हटले, "आपल्यालाच सापडले म्हणून सांगू. या बाईंना थोडे अलीकडेच थांबवू."

ते चालता चालता थांबले. "बाई, ह्या माउलीनं आपलं प्यायचं पाणी वतलं. आता तिलाच लपवायचं व्हय? आज झूट नको."

पुढे जे व्हायचे ते माझ्या हातात नाही, हे मला त्या वाटेवर पहिल्यांदा पुरते कळले. मी पावले उचलली आणि त्या बाईच्या जोडीने चालू लागले.

अव्वा ट्रॉलीच्या सावलीत भिंतीसारख्या ताठ बसल्या होत्या. ओठ पांढरे पडले होते. ती बाई सरळ त्यांच्यासमोर जाऊन उकिडवी बसली. "घे आई, तुझा देव. तहानला व्हता."

अव्वांनी आधी लिंगाकडे पाहिले, मग त्या फळांकडे, मग तिच्या हातांवरच्या काळ्या डागांकडे. "पाणी तू घातलंस?"

"व्हय. जेवढं व्हतं तेवढं."

"आन तू काय पेलीस?"

"माझं काय, घरी जाऊन पेईन. दीड-दोन कोस तर हाय."

अव्वा माझ्याकडे वळल्या. "उभी कामून? आदी हिला पाणी दे."

मी तांब्या भरून दिला. ती घटाघटा प्यायली. तिच्या गळ्याची हालचाल आम्ही सगळेच पाहत होतो. दुसराही तांब्या प्यायली. ती पुरती निवल्यावर अव्वांनी डावा तळहात पुढे केला. "ठेव." तिने लिंग ठेवले. "आता तूच घाल."

यजमान चुळबुळले. "अव्वा, तुमचा पूजेचा तांब्या..."

"गप बस रे. काल सांजच्याला मी रिकाम्या फडक्याला हात जोडले. पूजा हिनं केली. पूजा करणारीला इचारायचं का, तुझा हात कसला म्हणून?"

त्या बाईने अव्वांच्याच तांब्यातून धार धरली. पाणी लिंगावरून, बोटांच्या फटींतून ओघळले, आणि अव्वांनी मान खाली घालून तळहातावरचे ते पाणी ओठांत ओढून घेतले. मग पुन्हा एकदा. मग चारोळीचे एक फळ तोंडात टाकले, दुसरे त्या बाईला दिले, आणि उरलेली दोन मला व महेबूबभाईंना. ते फळ आंबट-गोड होते आणि त्याला तेंदूच्या पानाचा तुरट वास लागला होता. मी लिंगाकडे पाहिले. गोळा तोच होता, काळा, ओला. पण या वेळी माझी नजर तिथून हलली नाही. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही.

निरोप घेताना तिने शिधा नाकारला, तुंबा मात्र भरून घेतला. दुसरी खिंड आम्ही दुपारनंतर ओलांडली आणि दिवसाउजेडी उनकेश्वरला पोचलो. अव्वांनी लिंग दंडाला बांधले होते. "हे आदी कुणालाच सुचलं न्हाई, शिकलेल्या सुनेला बी न्हाई," असे त्या कुंडावर भेटेल त्याला सांगत होत्या. गंधकाच्या वासाच्या त्या गरम पाण्यात आठ दिवस अंघोळी झाल्या. पुढे महिनाभरात जखमा सुकल्या. कुंडाच्या पाण्याने सुकल्या की दोरा घासायचा थांबल्याने, याचा निवाडा मी करीत नाही. त्या रानात, त्या वाटेवर, त्याच सकाळी ती बाई कशी आली, हेही मी कुणाला समजावू पाहत नाही. तेंदूचा हंगाम होता, बाया रानात असतातच, असे म्हणता येईल. पण देव तहानला असेल, हे ज्या मनाला सुचते ते मन हंगामाने येत नाही. माझी गाठ सुटली होती आणि अव्वांचा नियम त्यांना मरणाच्या कडेला घेऊन गेला होता. आम्हा दोघींच्याही हातून जे निसटले, ते तिच्या हातांनी झेलले गेले. तिचे ऋण मी दुसऱ्या कोणत्या शब्दांत सांगू?

घरी परतल्यावर अव्वांचा नियम एका पायरीने वाढला. पूजेला बसण्याआधी त्या दाराशी जात आणि जो कुणी पहिला दिसेल, दूधवाला, झाडणारी, टँकरमागे धावून दमलेली शेजारीण, त्याला तांब्याभर पाणी विचारत. तो प्यायला की मगच लिंगावर धार पडे. दुष्काळाच्या त्या दिवसांत घरात दोनच घागरी असल्या तरी यात खंड पडला नाही. तो तांब्या कुणी तोंडाला लावला म्हणून पुन्हा घासला गेल्याचे मी ऐकले नाही. मी एकदा विचारले, तर म्हणाल्या, "म्या जलमभर त्याला पाणी घातलं, पर त्याला तहान लागती, हे मला त्या बाईनं सांगितलं."

अव्वा गेल्या त्याला आता बरीच वर्षे झाली. नळाला पाणी येते, दाराशी येणारी माणसे बदलली आहेत, आणि त्यांतली पुष्कळशी "नको" म्हणून पुढे जातात. त्यांच्याइतकी निःशंक श्रद्धा मला लाभली नाही. लाभेल असेही वाटत नाही. पण सकाळी अंघोळ झाली की मी तांब्या भरते, दार उघडते आणि उंबऱ्यात उभी राहते. कुणीतरी ते पाणी पिईपर्यंत मीही पीत नाही, माझा घसा कोरडा असतो, आणि ती वाट पाहणे मला जड जात नाही.