लालसूची गोष्ट जुळवणारा माणूस

अहेरीच्या मोटारीचा ड्रायव्हर रघोबा भर दुपारी केंद्राच्या दारात उभा राहिला, तेव्हा त्याच्या हातात वामनरावांची छत्री होती. दुसऱ्या हातात त्यांची खाकी पिशवी. आपली छत्री वामनराव कोणाच्या हाती देत नसत, त्यामुळे रघोबाने तोंड उघडण्याआधीच मला काय ते कळलं. "बाई, वामनभाऊ गेले," तो म्हणाला. "परवा, अहेरीले. ताप डोक्यात गेला म्हनतेत. नदीवर सारं झालं बी..." मी त्याला पाणी दिलं, छत्री खुंटीला अडकवली, पिशवी कपाटावर ठेवली. आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं. आता हा माणूस मला कधीच काही विचारणार नाही, असं आलं. सुटल्यासारखं वाटलं. रडू नंतर आलं, पुष्कळ आलं, पण आधी हे आलं. त्याला आता सहा आठवडे होतील.

आमचं केंद्र म्हणजे चांद्यात परकोटाच्या आतलं दोन खोल्यांचं कौलारू घर. विद्यापीठ तिकडे दूर शहरात, आणि त्याच्या 'आशिया व प्रशांत महासागरीय लोकजीवन विभागा'ची ही जंगलाकडची शाखा. नाव इतकं लांब की पाटीवर मावेना, रंगाऱ्याने शेवटचं 'विभाग' खाली कोपऱ्यात कसंबसं बसवलं होतं. चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला तरी पाटी तीच राहिली. आत भिंतीवर एक भलामोठा नकाशा, त्यात तीन हिस्से निळं पाणी आणि पाण्यात शिंतोडे उडाल्यासारखी बेटं. त्या बेटांवरच्या लोकांच्या चालीरीती आणि आमच्या अहेरी-गडचिरोलीच्या जंगलातल्या लोकांच्या चालीरीती ताडून पाहायच्या, असा विभागप्रमुखांचा मोठा बेत होता. बेटं आमच्यातल्या कोणीच पाहिली नव्हती. जंगल मात्र वामनरावांनी पायांनी पाहिलं होतं. गोंडी ते त्या लोकांत बसून शिकले होते, आणि बोलताना कोणाला मधे तोडत नसत. मी चांद्याचीच, अक्षर चांगलं म्हणून लागलेली. वामनराव केंद्राचे संशोधक, वर्धेकडचे, पन्नाशीला आलेले, बायको लवकर गेलेली. मला ते पहिल्या दिवसापासून 'शालूबाई' म्हणाले. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि बाई म्हटल्याचा मला फार राग आला होता.

शनिवारी दुपारी आमची बैठक असे. चुलीवर चहा, कांदा घातलेले पोहे, आणि आठवडाभरात काय लिहून आलं त्याचं वाचन. बाजाराला आलेली खेड्यातली माणसं ओसरीवर मुक्कामाला असत, तीही ऐकायला बसत. आपलंच बोलणं वाचलेलं ऐकून हसत, मधेच चुका काढत. वामनरावांना त्या चुका निघालेल्या फार आवडत. प्रमुखांना ही बैठक म्हणजे वेळेची नासाडी वाटे. त्यांची शिस्त वेगळी होती. माणसाने सांगितलेलं वहीत उतरवायचं, मग त्याचे विषयवार तुकडे करून एकेका तुकड्याची चिठ्ठी करायची आणि ती त्या त्या खणात टाकायची. जन्माचा खण, लग्नाचा, पिकाचा, वनोपजाचा, आजाराचा, मरणाचा. चिठ्ठीवर खणाचा आणि चिठ्ठीचा आकडा असे, सांगणाऱ्याचं नाव नसे. नाव पाहायचं झालं तर एका जाड नोंदवहीत त्या आकड्यापुढे पाहायचं. "माणूस महत्त्वाचा नाही, माहिती महत्त्वाची," असं प्रमुख वर्षातून दोनदा येऊन सांगून जात. चिठ्ठ्या करायचं काम माझं. मी ते काम फार चोख केलं.

एका उन्हाळ्यात वामनराव अहेरीपलीकडच्या एका गावातून लालसू नावाच्या म्हाताऱ्याला घेऊन आले. अठरा दिवस तो ओसरीवर राहिला आणि आपलं आयुष्य सांगत राहिला, थोडं गोंडीत, थोडं मोडक्या मराठीत. पहिल्याच दिवशी तो नकाशासमोर उभा राहिला. "एवढं पानी? मंग हे लोक धान कुठी पेरतेत?" वामनरावांनी आपल्याला ठाऊक नाही असं सांगितलं. लालसूला साहेबाला काही ठाऊक नसावं याचं इतकं बरं वाटलं की त्यानंतर तो थांबलाच नाही. चार वह्या भरल्या. त्याच्या आईने त्याला मोहाखाली टोपलीत ठेवायचं आणि फुलं वेचायला जायचं, परत आली की फुलंही त्याच टोपलीत, त्याच्या अंगावर. हे सांगताना तो अंगाचा वास घेऊन दाखवायचा. मी त्या एका वाक्याच्या दोन चिठ्ठ्या केल्या. टोपलीतलं मूल 'बालसंगोपना'त गेलं आणि फुलं 'वनोपजा'त.

आता ते लिहायला हवं, जे मी कोणाला सांगितलेलं नाही. त्याच पावसाळ्यात प्रमुख यायचे होते. त्यांचं आधी पत्र आलं होतं, खोलीत पसारा नको, उतरवून झालेल्या वह्या ठेवू नका. कोपऱ्यातल्या गठ्ठ्याला वाळवी लागलेली मी पाहिली, किळस आली, आणि सकाळी पाणी तापवायच्या बंबात मी तो गठ्ठा दोन-दोन वह्या करून घातला. वर काय, खाली काय, पाहिलं नाही. लालसूच्या चारही वह्या त्यात होत्या. आणि तळाशी ती नोंदवही होती. ती पेटल्यावर माझ्या लक्षात आलं. चिमट्याने ओढायला गेले, हात भाजला, तोवर पानं गेली होती. वामनराव दोन दिवसांनी दौऱ्यावरून आले, नोंदवही कुठे म्हणाले. मी म्हटलं, वाळवीने खाल्ली, टाकून दिली. त्यांनी माझ्या हातावरची पट्टी पाहिली आणि तेल लावा म्हणाले.

पुढच्या वर्षी लालसूचा मुलगा पांडू आला. बाप गेला होता. त्याच्या घरची रीत अशी, की गेलेल्याच्या नावाचा दगड उभा करताना त्याची सगळी गोष्ट चारचौघांत सांगायची, मगच दगड उभा करायचा. पांडू ओसरीच्या पायरीवर बसला आणि वर बघेचना. "माह्या बापानं मले काई सांगतलं नाई," तो म्हणाला. "तुमालेच सांगतलं सारं. आता तेवढं परत द्या. दगड आनून ठेवला हाय, आडवा पडून हाय." वामनराव लगेच हो म्हणाले. मग आत येऊन खणांसमोर उभे राहिले. हजारो चिठ्ठ्या, सगळ्या माझ्या अक्षरात, आणि लालसूच्या कोणत्या हे सांगणारं जगात काही उरलेलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच भांडी घासत बसले.

त्यानंतरची दोन वर्षं त्या माणसाने लालसूला खणांमधून बाहेर काढण्यात घालवली. रोज दुपारी एक खण टेबलावर. चिठ्ठीची कड टेबलावर दोनदा ठोकायची, चष्मा वर करायचा आणि मोठ्याने वाचायची. मला समोर बसवायचे. "नाही शालूबाई, हा लालसू नाही. लालसू पाऊस आला म्हणत नाही, उतरला म्हणतो." नुसत्या कानाने ते एकेक चिठ्ठी बाजूला काढत. कधी एका ओळीवर अख्खी दुपार जायची. ते स्वतः लिहीत होते त्या ग्रंथाचं काम पडलं ते पडलंच. तो पुरा झाला असता तर विद्यापीठात कायमची जागा मिळायची होती. प्रमुखांची पत्रं आधी गोड होती, मग कडक झाली, मग बंद झाली. ती जागा वामनरावांच्याच हाताखाली शिकलेल्या दुसऱ्याला गेली. वामनरावांनी त्याला अभिनंदनाचं पत्र माझ्याकडूनच लिहून घेतलं, माझं अक्षर चांगलं म्हणून. मला तेव्हा ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण सांगून नोंदवही थोडीच परत येणार होती, असं मी स्वतःला समजावत राहिले. भेकड माणसाला असली समजूत लगेच पटते.

एकदा, फक्त एकदाच, चिठ्ठी ठोकता ठोकता त्यांनी विचारलं, "शालूबाई, वाळवी पुठ्ठा सोडते का हो?"

"पुठ्ठाही खाते," मी म्हणाले.

"असं," म्हणाले, आणि पुढची चिठ्ठी घेतली. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. पण ते आता विचारतील, मग विचारतील, या धास्तीत मी रोज त्यांच्यासमोर बसत होते.

गेल्या हिवाळ्यात ते पहिल्यांदा चिठ्ठ्या घेऊन पांडूकडे गेले. बल्लारशापर्यंत रेल्वे, पुढे मोटार, आष्टीच्या घाटावर डोंग्याने नदी पार, मग पुन्हा मोटार आणि चालणं. आठवड्याने परत आले ते पडलेल्या चेहऱ्याने. पांडूने आणि गावाने शांतपणे ऐकलं होतं, पण नांगरटीच्या गोष्टीपाशी पांडूने हात वर केला. "माह्या बापाजवळ बैल कधी नव्हतेच, भाऊ. हा कोनी दुसरा होय." मधे एखाद्या परक्याच्या बारा चिठ्ठ्या शिरल्या होत्या. वाचन तिथेच थांबलं. वामनराव मला हे सांगताना हसले, म्हणाले, चूक निघाली हे बरं झालं. पण त्या दिवसापासून ते खूप थकलेले दिसू लागले. त्या बारा चिठ्ठ्या त्यांनी काढल्या, सगळ्या खणांवरून पुन्हा एकदा फिरले, आणि पावसाळा संपल्याबरोबर, अंगात बारीक कणकण असताना, दुसऱ्यांदा निघाले. मी म्हटलं, ताप उतरू द्या. म्हणाले, दगड आडवा पडून तीन वर्षं झाली शालूबाई... एवढंच. छत्री उचलली आणि गेले.

पिशवी मी सहा आठवडे उघडली नाही. कपाटावर होती, येता-जाता दिसत होती. गेल्या मंगळवारी पांडू आला. पायरीवर बसला, या वेळी वर पाहत होता. त्याने सांगितलं, वामनभाऊंनी एक दिवसभर वाचलं, सारं बरोबर होतं, एकही हात वर गेला नाही. लालसूचं लग्न झालं, पोरं झाली, आणि मग भाऊंना हुडहुडी भरली. खाटेवर घालून अहेरीला आणलं. वाटेतही ते म्हणत होते, अर्धं राहिलं. "दगड तसाच हाय," पांडू म्हणाला. "बाकीचं तुमी वाचा, बाई. अक्षर तुमचंच होय म्हने." मी म्हटलं, तूच का नाही कोणाकडून वाचून घेत? तर म्हणाला, "आयकनारा पायजे ना सोबत, ज्यानं बापाले आयकलं होतं. तुमी आयकलं होतं." मी ऐकलं नव्हतं, मी फक्त तुकडे केले होते. पण हे त्याला सांगायला माझी जीभ उचलली नाही.

त्याच्यासमोरच मी पिशवी उघडली. एक धोतर, कुनाईनच्या गोळ्या, आणि सुतळीने बांधलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा. चिठ्ठ्या वाकू नयेत म्हणून खाली एक पुठ्ठा घातलेला होता. सुतळी सोडली. पुठ्ठ्याची एक कड काळी होती, जळून आत वळलेली, आणि उरलेल्या भागावर माझ्याच अक्षरात 'नोंदव' एवढं वाचता येत होतं. पुढचं अक्षर जळालं होतं. बंबाची राख आमच्याकडे मागच्या खड्ड्यात पडायची. दौऱ्यावरून आले त्याच दिवशी त्यांना तो तिथे मिळाला असणार. म्हणजे तेव्हापासून त्यांना माहीत होतं. पट्टी पाहिली तेव्हाही, वाळवीचं विचारलं तेव्हाही, दोन वर्षं समोर बसवून वाचत होते तेव्हाही. मला वाटत होतं मी त्यांच्यापासून लपवते आहे, आणि ते बिचारे मी सांगेन म्हणून रोज दुपारी वाट पाहत होते. मी पांडूसमोर रडले. त्याने चिठ्ठ्या पडू नयेत म्हणून गठ्ठ्यावर हात ठेवला.

मग त्याने विचारलं, "वामनभाऊचा दगड कोन उभा करनार? त्याईचं कोनी हाय का?"

"नाही," मी म्हटलं. "कोणी नाही."

"पन गोष्ट तं ठाऊक हाय ना तुमाले? सारी सांगा लागते, बाई. काई ठेवून घेतलं तं दगड तिरपा राह्यते."

म्हणून हे लिहिलं. वामनराव विद्वान होते, प्रेमळ होते, हे त्यांच्याविषयी कोणीही लिहील, आणि ते खरंच आहे. पण त्यांची सगळी गोष्ट सांगायची तर तिच्यात मी आणि माझा बंब आल्याशिवाय राहत नाही. सोमवारच्या मोटारीने मी पांडूच्या गावाला निघणार आहे. काल दुपारी सरावासाठी टेबलाशी बसले, पहिली चिठ्ठी उचलली आणि तिची कड नकळत टेबलावर दोनदा ठोकली. मग समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून म्हटलं, वामनराव, वाळवी नव्हती ती. पुठ्ठा पुन्हा गठ्ठ्याखाली घातला आणि वाचायला लागले.