चहानंतरचा शब्द

शेठजींना नवी गाडी घ्यायची होती, आणि ती घ्यायची की नाही हे माझे आबा ठरवणार होते. हे सांगताना मला थोडा संकोच वाटतो, कारण ऐकणाऱ्याला ते खरं वाटत नाही. आबा चौथी शिकलेले. शहाद्यात शेठजींचं कापडाचं दुकान आहे आणि आबा बावीस वर्षं त्यांच्या घरी ड्रायव्हर होते. शेठजींच्या दारात आजवर तीन गाड्या आल्या, तिन्ही आबांच्या शब्दावर.

त्यांची एक रीत होती. गाडी आधी तळोद्याच्या रस्त्याला काढायची. मोकळा रस्ता लागला की मधेच, कुणाला न सांगता, जोरात ब्रेक दाबायचा. मागे बसलेले पुढच्या सीटवर आदळले तरी चालेल. परत आल्यावर बोनेटवर तळहात ठेवून थोडा वेळ उभं राहायचं, जसं तापलेल्या माणसाच्या कपाळावर हात ठेवतात. मग हात धुवायचे, चहा घ्यायचा. चहा संपेपर्यंत कुणी काही विचारायचं नाही. चहानंतर ते एकच शब्द बोलत. 'ल्या' किंवा 'ऱ्हाऊ द्या.' म्हणजे घ्या, किंवा राहू द्या. शेठजींनी त्यावर कधी दुसरा प्रश्न केला नाही.

या वेळची गाडी मात्र मोठी होती. लांब, काळी, सुरतच्या शोरूममधून चालवून बघायला घरापर्यंत येणार होती. तिला क्लच नव्हता. आमच्या घरात सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हीच होती. क्लच दाबून दाबून आबांचा डावा गुडघा गेला होता. रात्री माय त्याला तेल लावायची. जुनी गाडी आणखी फार दिवस चालवता येणार नाही, हे आबा बोलत नसत, पण आम्हाला कळत होतं. नव्या गाडीचं कळल्यापासून ते वेगळेच दिसायला लागले. एकदा जेवताना मला म्हणाले, "हाई गाडीले क्लच नही. आखो पाच वरीस चालाडसू. तठलोंग तुन्हं शिकनं पुरं व्हई जाई." आणखी पाच वर्षं चालवीन, तोवर तुझं शिकणं पुरं होईल.

मी लोणखेड्याच्या कॉलेजला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पुढे पुण्याला एम.एस्सी. करावं असं मनात होतं. म्हणजे शेठजींनी गाडी घेतली तर आबांची नोकरी राहणार होती, आणि आबांची नोकरी राहिली तर माझं पुणं. त्या दिवशी मी गाडीत बसले तेव्हा हे सगळं माझ्या मनात होतं. ते आधीच सांगितलेलं बरं.

मला आबांनीच बोलावलं होतं. नव्या गाडीत समोर मोठी स्क्रीन, त्यावर सगळं इंग्रजीत. आबांनी शेठजींना सांगितलं होतं, "मन्ही पोर कॉलेजले शे. इंग्रजी वाचस." माझं इंग्रजी अडखळत चालतं, हे त्यांना माहीत नव्हतं. मी आदल्या दिवशी मोबाईलवर त्या गाडीची माहिती तीनदा वाचली आणि अवघड शब्द वहीत लिहून ठेवले.

जानेवारी होता, दुपारचे चार वाजलेले. उन्हं अजून स्वच्छ होती. मी आबांच्या शेजारी पुढे बसले. मागे शेठजी आणि सुरतहून आलेला शोरूमचा माणूस. शेठजी तीन पिढ्या इथलेच. घरात मारवाडी बोलतात, दुकानात अहिराणी. शोरूमचा माणूस सारखा हिंदीत बोलत होता. सीट मागे कशी झुकते ते दाखवून म्हणाला, "सेठजी, ये गाड़ी नहीं, झूला है."

"झुला ते मन्हा घरमा बी शे," शेठजी म्हणाले. "त्याले पेट्रोल नही लागत."

आबा हसले. मी त्यांच्या डाव्या पायाकडे बघत होते. तो नुसता ठेवलेला होता, मोकळा. स्टिअरिंगवर त्यांचे हात इतके हलके होते की मला वाटलं, सगळं नीट होणार.

गाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना ऊस, मधे केळीच्या बागा. तोडणीचे दिवस असल्यामुळे शेतांतून बैलगाड्या बाहेर येत होत्या. डाव्या हाताच्या एका गाडरस्त्यावरून उसानं भरलेली एक बैलगाडी डांबरी रस्त्याकडे येताना मला दिसली. बैल वर चढत होते, गाडीवान खाली उतरून त्यांना ओढत होता. मला दिसली म्हणजे आबांनाही दिसली असणार, असं मी धरून चालले. ते बावीस वर्षं गाडी चालवत होते. मी कोण सांगणारी?

बैल डांबरावर आले तरी गाडीचा वेग कमी झाला नाही. मी आबांकडे पाहिलं. ते सरळ समोर बघत होते, शांत. तेवढ्यात स्क्रीनवर लाल काहीतरी उमटलं, मोठा आवाज झाला आणि गाडी आपोआप कचकन थांबली. आम्ही सगळे पट्ट्यात अडकलो. बैलाची मान बोनेटपासून हातभर लांब होती. गाडीवानानं आमच्याकडे पाहून शिवी दिली आणि बैल ओढत पुढे गेला.

मागून शेठजींचा आवाज आला, खूश. आबांनी, म्हणजे त्यांच्या 'भाऊ'नं, ब्रेक तपासला असं त्यांना वाटलं. "दखा. भाऊनी ब्रेक तपासा. गाडी लेवाना पहिले हाऊ असाच करस." मग शोरूमच्या माणसाला हिंदीत म्हणाले, "आपने बताया नहीं कि ब्रेक इतना अच्छा है।"

शोरूमच्या माणसानं नुसतं हसून मान हलवली. त्याला कळलं असावं. पण त्याला गाडी विकायची होती.

आबांचा उजवा पाय ब्रेकवर नव्हता. मी पाहिलं होतं. तो अजून दुसऱ्याच पेडलवर होता.

"बेटा, काय लिखीसन उनं तठे?" शेठजींनी मला विचारलं. काय लिहून आलं, एवढंच. मला याच कामासाठी बसवलं होतं. लाल अक्षरं अजून तिथं होती आणि मला ती वाचता येत होती. मी म्हटलं, "काई नही शेठजी. पट्टानं शे." सीटच्या पट्ट्याचं आहे.

आबांनी माझ्याकडे मान वळवली. पूर्ण मान, खांद्यापर्यंत. तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं, ते किती दिवसांपासून असंच बघत होते. बोलणाऱ्याकडे सगळी मान वळवायची. डाव्या बाजूला ठेवलेला चहाचा कप त्यांच्या हातानं दोनदा सांडला होता. दारातल्या कपडे वाळत घालायच्या वलणीच्या बांबूला त्यांचा खांदा लागायचा. मी एकदा हसून म्हटलंही होतं, "आबा, घुबडसारखं काय दखतस?" त्याच महिन्यात कॉलेजच्या जर्नलमध्ये मी माणसाच्या डोळ्याची आकृती काढली होती. मॅडमनी ती वर्गात सगळ्यांना दाखवली होती.

परतीच्या वाटेवर आबांनी गाडी फार हळू चालवली. शेठजी रंगाबद्दल बोलत होते. काळा नको, पांढरा, धूळ कमी दिसते. शेठाणींना वळणावर उलटी होते, पण या गाडीत होणार नाही असं त्यांना वाटत होतं. त्यांचं घेण्याचं जवळजवळ ठरलंच होतं. फक्त शब्द राहिला होता.

दुकानामागच्या अंगणात गाडी उभी राहिली. आबांनी बोनेटवर हात ठेवला. नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवला. मग नळावर जाऊन हात धुतले. चहा आला. मी कप हातात धरून उभी होते आणि मनात एकच म्हणत होते, ल्या म्हणा. ही गाडी स्वतः बघते, स्वतः थांबते. ती तुम्हाला सांभाळून घेईल. पाच वर्षं. मला हे तेव्हा पाप वाटलं नाही. नंतर वाटलं.

आबांनी चहा संपवला, कप ओट्यावर ठेवला. कप नीट टेकला का ते हातानं चाचपून पाहिलं.

"ल्या," ते म्हणाले. शेठजींनी मान हलवली आणि खिशातून मोबाईल काढला. पण आबा थांबले नव्हते. "पन चालाडाले दुसरा दखा."

"काय म्हनस भाऊ?"

"ब्रेक मी नही मारा. गाडीनी मारा. माले ती बैलगाडी दिसनीच नही."

शेठजी त्यांच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मी खाली बघितलं.

"आज सकायले तुमना नातूले शायामा सोडी उनू मी," आबा म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "याच डोयासघाई." नातवाला शाळेत सोडून आलो, याच डोळ्यांनी.

शेठजींनी मोबाईल परत खिशात ठेवला. मग आत बघून म्हणाले, "भाऊले आखो चहा द्या रे." दुसरा चहा आला. आबांनी तो घेतला नाही.

नंदुरबारच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. बाजूचं दिसणं हळूहळू गेलेलं, मधलं तेवढं उरलेलं. गेलं ते परत येत नाही, थेंबांनी उरलेलं टिकवायचं. आबांनी विचारलं, "किती वर्षांपासून?" डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही, माणसाला कळतच नाही. आबांना त्याचंच जास्त लागलं. मोतीबिंदू असता तर ऑपरेशन करून आले असते. बसमधून घरी येताना ते बोटांवर काहीतरी मोजत होते. मला वाटतं, ज्यांना ज्यांना त्यांनी गाडीतून नेलं होतं ती माणसं.

शेठजींनी त्यांना दुकानात बसवलं. आता ते दाराजवळच्या स्टुलावर बसून उलगडलेल्या साड्यांच्या घड्या घालतात. जुनी गिऱ्हाइकं विचारतात, "काय ड्रायव्हर, गाडी पंक्चर झायी का?" आबा हसतात. माझ्या पुण्याचं अजून ठरलेलं नाही. ते विचारतात, मी परीक्षा झाल्यावर बघू म्हणते.

गाडी पाडव्याला आली. पांढरी. नवा ड्रायव्हर तिशीतला, चांगल्या स्वभावाचा. आबांनी त्याला आधीच सगळं सांगून ठेवलं होतं: शेठाणींना कुठल्या वळणावर हळू, शेठजींना कुठल्या हॉटेलचा चहा, नातू झोपला तर हॉर्न नाही. नारळ आबांनीच फोडला. मग शेठजींनी स्वतः मागचं दार उघडलं आणि म्हणाले, "बठ भाऊ. एक चक्कर मारी ये." मला त्यांच्यासोबत बसायला सांगितलं.

बावीस वर्षांत आबा शेठजींच्या गाडीत कधी मागे बसले नव्हते. हात कुठं ठेवायचे ते त्यांना कळत नव्हतं. शेवटी त्यांनी ते गुडघ्यांवर ठेवले. नव्या ड्रायव्हरनं गाडी तळोद्याच्या रस्त्याला घेतली, कारण तोच मोकळा. ऊस निघून गेला होता, शेतं उघडी पडली होती.

त्या गाडरस्त्यापाशी आबांनी माझ्याकडे मान वळवली.

"त्या दिन तठे काय लिखेल व्हतं?"

मी सांगितलं. 'ब्रेक' लिहिलं होतं. तेवढंच. लाल अक्षरात.

त्यांनी मान पुन्हा समोर वळवली. "माले वाटनं, मन्हं नाव लिखेल व्हई," ते म्हणाले.

मी खोटं का बोलले, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. पुढे एक वळण आलं, आणि त्यांचा उजवा पाय पायाखालच्या मॅटवर हळूच दाबला गेला.