पंचनाम्यावरची चौथी सही

पंचनाम्यावर चार सह्या होत्या. तीन शेतमालकाच्या भावकीतल्या, चौथी माझ्या सख्ख्या काकाची. बौद्ध वस्तीतून स्मशानाकडे जाणारा रस्ता या शेतातून कधीच नव्हता, असं त्या कागदावर लिहिलं होतं. याच पांदणवाटेने आम्ही आजोबांना नेलं होतं आणि पुढचा खांदा काकाचा होता.

आमचं गाव महागावकडचं. वस्ती आणि स्मशान यांच्या मध्ये मालकाचं शेत. मागच्या साली त्याने सोयाबीन पेरताना पांदण नांगरली आणि तारेचं कुंपण घातलं. तेव्हापासून मयत नाल्यातून, गुडघाभर चिखलातून न्यावी लागायची. वस्तीने अर्ज केला, मंडळ अधिकारी पाहणीला आले, आणि काका मालकाच्या बाजूने पंच म्हणून उभा राहिला. मी यवतमाळला कॉलेजात शिकवते. मोठ्या भावाने फोनवर हे सांगितलं तेव्हा मला खरं वाटेना. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने गाव गाठलं आणि कागद डोळ्यांनी पाहिला.

काकाला काहीतरी मिळालं असणार, हा माझा पहिला संशय. सांगायला लाज वाटते, पण चहाच्या निमित्ताने त्याच्या घरी जाऊन मी भिंती पाहिल्या, छप्पर पाहिलं, स्वयंपाकघरात डोकावले. काकूला चुलतभावाच्या नोकरीबद्दल आडून आडून विचारलं. तोच गंजका कूलर, तीच बाज. नोकरी कुठे लागली नव्हती. मग वाटलं, धमकावलं असेल. पण घाबरलेला माणूस असा दिसत नाही. पंचवीसेक वर्षं मालकाचा ट्रॅक्टर चालवणारा काका रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून खुशीत त्याच्या घरी जात होता.

एक दिवस मी त्याच्यासोबत गेले. मालकाने आम्हा दोघांना ओसरीवर खुर्च्या दिल्या. म्हणाला, काका म्हणजे घरचाच माणूस, वस्तीत समजदार असा हा एकच. काकाचा चेहरा उजळला. घरी कधी न बोलणाऱ्या शुद्ध भाषेत तो म्हणाला, "आमच्या लोकांना नुसती भांडणं पाहिजेत." मालक माझ्याकडे पाहून हसला. तो काकाला पढवत होता की काका त्याला खूश करत होता, मला कळेना.

परतताना मी विचारलं, "काका, तू सही काहून केली?"

तो म्हणाला, "त्याच्या बापानं माह्या बापाले अंगणाबाहेर उभं ठेवलं. मी आतमंदी बसतो. वस्तीतले मांगून काय बोलतात, मले ठाऊक हाय. पण त्यायच्यातल्या एकाले तरी त्या ओसरीवर बसता येते का?"

"म्हणून आजोबांचा रस्ता देऊन टाकला?"

"रस्ता त्याचाच राह्यते, पोरी. आपण कितीबी कागद केले तरी. मंग कायले वैर घ्याचं?"

उत्तर खरं वाटलं, पण फारच तयार वाटलं. स्वतःलाच शंभरदा सांगून गुळगुळीत झाल्यासारखं. मी त्यावर विश्वास ठेवला नाही. अजूनही पूर्ण ठेवत नाही.

भावाने भूमी अभिलेखातून गावचा जुना नकाशा काढला. त्यात पांदण स्पष्ट होती. दुसरी पाहणी झाली आणि कुंपण काढायचा हुकूम निघाला. त्या दिवशी सगळी वस्ती शेताच्या बांधावर जमली होती. ट्रॅक्टर आला तो काका चालवत होता. त्याने एकेक खांब उपटला, मग खाली उतरून काट्यांची तार हातानेच गुंडाळायला घेतली. तळहातातून रक्त आलं तरी थांबला नाही. बायांनी तोंडं फिरवली. एका म्हातारीने तांब्याभर पाणी दिलं, तेवढंच. भाऊ माझ्या कानाशी म्हणाला, "कोण काय बोललं ते ऐकाले पाठवलं असंन त्याले." मलाही तसंच वाटलं. मालकाने पाठवलं म्हणून आला की स्वतःहून, हे काकाने सांगितलं नाही आणि आम्ही कोणी विचारलं नाही. आता मयत त्या पांदणीने जाते. काका खांदा द्यायला येतो आणि दुसऱ्या सकाळी मालकाच्या ओसरीवरही जातो.

या उन्हाळ्यात आमच्या स्टाफरूममध्ये प्रवेशाच्या याद्यांवरून बोलणं चाललं होतं. एक सहकारी म्हणाले, हल्ली कोणीही कुठेही येऊन बसतं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, तुमचं वेगळं आहे. तुम्ही त्यांच्यातल्या वाटतच नाही."

मी हसले. छोटंसंच, पण मी काही ठरवायच्या आधीच ते ओठांवर आलं होतं. नंतर तास घेतला, सह्या केल्या, घरी आले. काय बोलायला हवं होतं ते मला रस्त्यात सुचलं. दुसऱ्या दिवशीही मी ते बोलले नाही.

भाऊ अजून फोनवर काकाचा विषय काढतो आणि त्याला शिव्या घालतो. आधी मीही भर घालायची. परवा त्याने विचारलं, "आजकाल काहून गप्प राह्यते तू?"

मी म्हटलं, इकडे रेंज नाही.