रेवाचा 'र' आणि वेल्सचा चंद्र

सिंगापुरात पासिर रिसच्या आमच्या फ्लॅटमध्ये सगळं होतं, फक्त 'र' नव्हता.

म्हणजे सात वर्षांच्या आमच्या लेकीला तो येत नव्हता. त्यात आम्ही हौसेनं तिचं नाव रेवा ठेवलेलं! ती स्वतःची ओळख 'वेवा' अशी करून द्यायची. शाळेत कुणाचं अडत नव्हतं. इथल्या इंग्रजीत 'र' म्हटला काय, गिळला काय, सारखंच. अडलं ते मिरजेत.

मिरजेत माझी आई. दर रविवारी फोनवर ती नातीला 'चंद्र' म्हणायला लावायची आणि नात दर रविवारी 'चंद' म्हणायची. शेवटी आई गणपतीला नवस बोलली: नातीच्या तोंडून स्वच्छ 'र' ऐकेपर्यंत दर संकष्टीला चंद्र उगवेतो पाण्याचा थेंबही घेणार नाही. (तिला मधुमेह आहे. गणपतीला हे माहीत असावं, पण त्याचं मत कुणी विचारलं नाही.) दुसऱ्याच संकष्टीला तिला देवघरासमोर चक्कर आली. डॉक्टर रागावले, मी विनवण्या केल्या. "बोलून बसले रे आता," एवढंच ती म्हणाली.

इथं आल्यापासूनच्या चार वर्षांत मी तिला दोनदाच भेटलो होतो, तेही आठ-आठ दिवस. तिची फार आठवण यायची. फोन ठेवला की मीनलला, म्हणजे बायकोला, डोळे दिसू नयेत म्हणून मी खिडकीबाहेर बांबूवर वाळत घातलेले कपडे उगाच सारखे करत बसायचो.

मग मी 'र' मोहीम काढली. 'ट्रर्र ट्रर्र' करत घरभर रिक्षा चालवली. शेजारच्या चिनी आजी ड्रिल मशीन कुठे चाललंय ते बघायला आल्या. (रिक्षा मीच चालवत होतो; रेवा सोफ्यावर बसून बघत होती.)

शेवटी खालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या स्टॉलवर रोज कॉफी पिणारे ह्यू अंकल मदतीला धावले. वेल्सचे, निवृत्त संगीतशिक्षक. त्यांच्या 'गुड मॉर्निंग'मधला 'र' आमच्या बाराव्या मजल्यापर्यंत ऐकू यायचा. ते म्हणाले, इंग्रजीचा नाद सोडा. आमच्या वेल्शमध्ये चंद्राला 'ल्होइर' म्हणतात, तिकडे फ्रान्सच्या ब्रिटनीत 'लोआर', कॉर्नवॉलला 'लोर'. चंद्र म्हटला की शेवटी 'र' आलाच! (आयरिश लोक 'ग्यालख' म्हणतात, हे त्यांनी नाइलाजानं कबूल केलं.)

जीभ टाळूला लावायची, बाजूनं वारा सोडायचा आणि शेवटी जीभ थरथरवायची. तीन आठवड्यांत रेवाच्या तोंडून असा ठसठशीत 'ल्होइर्र' निघाला की माझी कॉफी सांडली. पण 'चंद्र' म्हणायला लावलं की पुन्हा 'चंद'. 'र' आला होता, पण फक्त वेल्सचा व्हिसा घेऊन!

संकष्टी आली. चंद्र आमच्याकडे मिरजेच्या आधी उगवतो, आणि तिकडे तर पावसाळी ढग. व्हिडिओ कॉलवर आई सुकलेल्या तोंडानं बसली होती. तुमच्याकडं दिसला का गं, तिनं विचारलं. मी रेवाच्या कानात 'चंद्र, चंद्र' कुजबुजत होतो. कार्टीनं कॉरिडॉरमधून आकाशाकडे बोट केलं आणि छाती भरून घेतली.

"आजी, ल्होइर्र ए!"

('आहे'चं 'ए' करणं ही मात्र माझी देणगी.)

मला वाटलं, नवस राहिला बाजूला, वर देवाची चेष्टा झाली. बघतो तर आई डोळ्यांना पदर लावत होती.

"लवकर ये म्हणतीय," ती म्हणाली. "आणि 'र' कसा स्वच्छ."

"नो ला आजी, मून..." रेवा इथल्या इंग्रजीत सुरू झाली. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. आयुष्यात प्रथमच मी कुणाला तरी योग्य वेळी गप्प केलं.

नवस फिटला, पुढच्या महिन्यापासून पाणी आणि गोळ्या वेळेवर, असं आईनं जाहीर केलं. मग कपाटातून काहीतरी काढून तिनं कॅमेऱ्यासमोर धरलं. पासपोर्ट होता, कोरा करकरीत.

"चार वर्षं झाली काढून," ती म्हणाली. "कुणीतरी ये म्हणेल म्हणून वाट बघत होते. लेकराला कळलं बघ."

मला वाटायचं, तिला मिरज सोडवत नाही. तिला वाटायचं, आमची अडचण होईल. आणि मी दर वेळी म्हणायचो, "बघू, घर लहान आहे, तुला करमणार नाही." दुसऱ्या दिवशी मी तिचं तिकीट काढलं.

मीनलनं विचारलं, पोरीनं चुकून म्हटलं ते तुला चार वर्षांत का म्हणता आलं नाही? 'र'ची सबबही सांगता येईना. माझा 'र' तर लहानपणापासून खणखणीत आहे.