हळद कोणी वाटली

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. कोणी रेवाच्या गाण्याचा विषय काढला की मी पाण्याचा ग्लास उचलायचो, नाहीतर खिडकी लावायला उठायचो. माझ्या मुलाला, महेशला, यातलं अर्धं माहीत आहे. नातीला, रेवाला, काहीच माहीत नाही. आता तिचं लग्न ठरलंय, आणि आपल्या हळदीला आपण ते गाणं गाणार असं तिनं फोनवर सांगितलं. त्या दिवसापासून मला एका जागी बसवत नाही. म्हणून लिहितो. महेश, हे तू तिला वाचून दाखव. तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. आणि गावच्या मंडळींनो, तुम्हीही वाचा. तुमच्या डीजेवरही ते गाणं चुकीचंच वाजतंय.

मी मेलबर्नला निघालो ती सकाळ. आमचं गाव पनवेलहून उरणकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. पूर्वी दारातून मिठागरं दिसायची, आता कंटेनरचे ढीग दिसतात. मीही न्हावा शेव्याच्या बंदरात क्रेन चालवूनच निवृत्त झालो, त्यामुळे तक्रार करायला मला तोंड नाही. बायको जाऊन वर्ष होत आलं होतं, महेश न्यायला आला होता, गाडीत बॅगा चढत होत्या. तेवढ्यात बाय आली. बाय म्हणजे माझी थोरली बहीण, चांगुणा.

"जनू, फोन काड," ती म्हणाली.

"कशाला?"

"माजा आवाज भर त्यान."

मी चकित झालो. बाय धवलारीण. आमच्या आगरी लग्नात हळदीपासून वरातीपर्यंत जी गाणी लागतात, त्यांना धवले म्हणतात, आणि ते गाणारी ती धवलारीण. आसपासच्या चार गावांत बायशिवाय मांडव उभा राहत नसे. पण तिचा नियम होता: मांडव नाय तर धवला नाय. एकदा कोणी हौशी पाहुणे टेपरेकॉर्डर घेऊन आले होते, त्यांना तिनं चहा पाजून परत पाठवलं होतं. आणि आज स्वतःहून म्हणत होती, भर.

ती ओट्यावर उभी राहून गायली. बाहेरून ट्रेलर जात होते; त्यांचे हॉर्न त्या रेकॉर्डिंगमध्ये अजून आहेत.

दर्याच्या पल्याड मांडव घातला,
हलद कोनी वाटली गो, हलद कोनी वाटली?
वाटली गो वाटली, चांगुनान वाटली.

"हा मी रेवासाठी केलाय," ती म्हणाली. "तिच्या हलदीला मी असन का नसन. मांडवान लाव. त्याच्या आदी नाय."

मी हसलो. म्हणालो, "बाय, तू कधी गं वाटलीस हळद?"

हे विचारायला नको होतं. बाय लग्नानंतर लवकरच विधवा झाली. गाण्यासाठी तिच्यावाचून कोणाचं चालत नसे, पण हळदीला हात लावायचा तो सवाष्णींनी. सगळ्या आयाबाया पाट्यावरवंट्याभोवती बसायच्या आणि बाय थोडी लांब, भिंतीला टेकून. गाणं तिचं, पाटा त्यांचा. आमच्या घरच्या लग्नांतही तसंच. माझ्या लग्नातही.

तिला राग आला नाही. म्हणाली, "म्हनून तर गान्यान वाटली. गान्यान कोन अडवतंय मना?"

मी शब्द दिला आणि गाडीत बसलो. मागे वळून पाहिलं तेव्हा बाय हात हलवत नव्हती. एका ट्रेलरवाल्याला शिव्या घालत होती, कारण त्यानं आमच्या गाडीला वाट दिली नव्हती.

मेलबर्नमध्ये मला सगळ्यात जास्त काय खुपलं असेल तर शांतता. घरासमोरचा रस्ता रिकामा. शेजारी हात वर करून हसायचा आणि दार लावून घ्यायचा. महेश आणि सूनबाई कामावर, रेवा शाळेत. मी घरभर फिरायचो. जिने चढायचो, उतरायचो, फ्रिज उघडायचो, बंद करायचो. गावाला असताना बंदराच्या आवाजानं झोप येत नाही म्हणून कुरकुरणारा मी, इथे आवाजासाठी तरसलो.

आवाज मिळाला तो गॅरेजमध्ये. रेवाचा बँड होता: ड्रम बडवणारा एक दणकट गोरा मुलगा, गिटारवर एक व्हिएतनामी घरातली मुलगी, आणि गाणारी आमची रेवा. मी सगळ्यांना लिंबू सरबत नेऊन द्यायचो आणि घडीची खुर्ची टाकून तिथंच बसायचो. रेवा गाडीत एकच रेडिओ लावायची, दिवसभर तिथल्या नव्या पोरांची गाणी. सुरुवातीला मला तो सगळा गोंगाट वाटला. मग हळूहळू कान बसला. ही पोरं स्वतःच्या बोलीतच, थोडं नाकात, गायची. कोणी ट्रामच्या शेवटच्या स्टॉपवर, कोणी उन्हानं तापलेल्या कार पार्कवर, कोणी घरभाडं वाढलं म्हणून सोडाव्या लागलेल्या खोलीवर गाणं केलेलं. मला बाय आठवायची. तीही धवल्यात शेजारणीचं नाव घालायची, विहिरीचं घालायची, एकदा तर नवरदेवाच्या मामाची फटफटीही घातली होती. आणि रेडिओवरची ती निवेदिका प्रत्येक गाण्यानंतर न चुकता सांगायची, गाणं कोणाचं. केलं कोणी, गायलं कोणी.

एका दुपारी घरात कोणी नव्हतं आणि मी बायचं रेकॉर्डिंग लावलं. एकट्यानं ऐकायला काय हरकत, असं स्वतःला सांगितलं. रेवा कधी मागे येऊन उभी राहिली कळलं नाही.

"आजोबा, परत लावा," ती म्हणाली.

मी लावलं. मला तेव्हा खूप बरं वाटलं, हे खरं आहे. वर्षभर ती माझ्याशी 'जेवलात का' यापलीकडे बोलत नव्हती. त्या दिवशी माझ्या शेजारी बसून तिनं इंग्रजी अक्षरांत ओळ न ओळ उतरवून घेतली. "कोनी वाटली" हे ती इतकं हुबेहूब म्हणायला लागली की मी तिला ते परत परत म्हणायला लावलं. आवाज बायचा एवढंच मी सांगितलं; गाणं तिनं केलंय हे नाही, आणि मांडवाची अटही सांगितली नाही. सांगितली असती तर तिनं थांबवलं असतं. ती तशी मुलगी आहे.

गाणं गॅरेजमध्ये गेलं. खाली ड्रम आले, वर गिटार, मधे रेवानं इंग्रजी कडवं घातलं, समुद्र ओलांडलेल्या घराबद्दल. आणि त्याच गाण्यावर टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत तिची निवड झाली. घरात नुसता धुमाकूळ. सूनबाई ऑफिसातून आनंदानं रडत घरी आली.

शूटिंगच्या आधी घरच्या लोकांची छोटी फिल्म करतात. त्यासाठी कानाला माइक लावलेली एक मुलगी घरी आली, अगदी अदबीनं वागणारी. तिनं विचारलं, हे मराठी गाणं कोणी लिहिलंय? कोणाचं असेल तर त्यांची परवानगी उद्यापर्यंत लागेल. नसेल मिळत तर रेवा दुसरं गाणं म्हणू शकते.

महेश मराठीत हळूच म्हणाला, "पप्पा, ट्रॅडिशनल आहे म्हणा ना. आत्याला काय फरक पडतो? तिला कळणार पण नाही."

एक फोन करायचा होता. बाय हो म्हणाली असती, शिवी देऊन का होईना, पण हो म्हणाली असती. पण फोन केला असता तर पहिल्यांदा हे सांगावं लागलं असतं की मांडवाआधीच मी गाणं उघडं केलं. तेवढं मला झेपलं नाही. मी कॅमेऱ्याकडे बघून म्हणालो, "हे आमच्या गावचं जुनं गाणं आहे. कोणा एकाचं नाही. पिढ्यान्‌पिढ्या सगळे गातात." आमच्याकडची बरीच गाणी खरंच तशी असतात, त्यामुळे खोटं तोंडातून किती सहज निघालं.

रेवाच हुशार. रात्रीचं जेवण झाल्यावर म्हणाली, "आजोबा, कोणा एकाचं नाही, मग चांगुना कोण?"

ती आत्याआजीला बाय म्हणूनच ओळखायची. चांगुणा हे नाव आमच्या घरात कोणी घेतच नव्हतं.

मी म्हणालो, "अशीच. कोणीतरी."

मग तेवढ्यावर थांबलो नाही. पुढे म्हणालो, "त्यापेक्षा 'आयाबायांनी वाटली' असं म्हण. सगळ्यांचं होईल."

"ओ, दॅट्स बेटर," रेवा म्हणाली. "सगळ्या बायकांचं."

ज्या आयाबायांनी बायला कधी पाट्याजवळ येऊ दिलं नाही, त्यांनाच मी तिच्या गाण्यात तिच्या जागी बसवलं. हे मला त्याच क्षणी कळलं होतं. नंतर कळलं असं म्हणायची सोय मी ठेवत नाही.

स्टुडिओत आम्हाला बाजूच्या खोलीत उभं केलं होतं. सुरू करण्याआधी एक बाई पुढे आली आणि म्हणाली, आपण ज्या जमिनीवर उभे आहोत ती मूळ कोणाची, त्यांना आधी मान देऊ या. तिथल्या मूळ आदिवासींसाठी प्रत्येक कार्यक्रमाआधी हे म्हणतात, मी शाळेच्या गॅदरिंगलाही ऐकलं होतं. त्या दिवशी मला आमची मिठागरं आठवली, आणि मग लगेच बाय आठवली. मी शर्टाचं वरचं बटण काढलं, परत लावलं. सूनबाई म्हणाली, "पप्पा, नर्व्हस होऊ नका, ती मस्त गाईल."

मस्तच गायली. चारही परीक्षक उभे राहिले. एक जण म्हणाला, याला नक्की कुठलं म्हणायचं कळत नाही, पण हे अगदी आत्ताचं आहे. घरचे सगळे नाचले, मीही नाचलो. पुढे काही फेऱ्यांनंतर रेवा बाहेर पडली, पण तोवर ते गाणं पनवेलला पोचलं होतं.

गावाहून पुतण्याचा, दिनेशचा, फोन आला. "काका, कडक! आपला गाना हलदीला वाजतोय. डीजेवाल्यान बीट टाकलाय, पोरा नुसती नाचत्यात!"

मी विचारलं, "बायनं ऐकलं?"

"ऐकनार नाय तर काय! बाजूच्याच मांडवान लावला व्हता. मी बोललो, बाय, ह्यो तर तुज्या गान्यासारखाच वाटतोय. तर बोलली, माजा नाय तो. जनू बोलला ना टीवीवर, सगल्यांचा हाय."

दिनेश हसत होता. त्याला तो विनोद वाटला होता.

त्यानंतर बाय गायली नाही. कोणी सुपारी घेऊन बोलवायला आलं तर म्हणायची, डीजेला बोलवा. व्हिडिओ कॉलवर माझ्याशी मात्र नेहमीसारखीच बोलायची. थंडी किती हाय, रेवा जेवते का, येवरा बारीक कसा झालास. गाण्याबद्दल एक शब्द नाही. तिनं एकदा तरी शिवी द्यायला हवी होती.

मेलबर्नला मग माझं चित्त लागेना. प्रत्येक वेळी गॅरेजमधून गिटार ऐकू आली की मी बाहेर चालायला निघायचो. शेवटी महेशला म्हणालो, मला हवा मानवत नाही. आणि परत आलो. आता पनवेलला फ्लॅटमध्ये राहतो. गंमत बघा, इथं बाल्कनीत उभा राहून मी फोनवर तिथला तोच रेडिओ लावतो. नव्या पोरांची नावं मला पाठ आहेत. खाली भाजीवाला ओरडत असतो आणि कानात कोणीतरी ट्रामच्या स्टॉपबद्दल गात असतं. तिथं होतो तेव्हा मन गावच्या ओट्यावर, इथं आलो तर मन त्या घडीच्या खुर्चीत. घर कुठलं, असं कोणी विचारलं तर मला ज्या दारात उभं राहून खरं बोलता येईल ते, असं सांगावंसं वाटतं. तसं दार एकच आहे.

त्या दारात मी दर आठवड्याला जातो. रिक्षा करतो, ट्रेलरच्या रांगेत अडकतो, वाटेत वाक्य जुळवतो. पण मी परत येईपर्यंत बायचे कान गेले होते. दिनेशनं मशीन आणून दिलं, तर तिनं दुसऱ्या दिवशी काढून ठेवलं, म्हणाली, "यान मानसा नाय ऐकू येत, निसते ट्रेलर ऐकू येतान." तिला वाचता येत नाही. म्हणजे जे सांगायचं ते ओरडूनच सांगायला हवं. आळीतली घरं भिंतीला भिंत लावून आहेत. तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोललं, तर ते सगळ्या आळीला ऐकू जाणार. एका अख्ख्या देशासमोर मी हळू आवाजात खोटं बोललो, आणि एका आळीसमोर मोठ्यानं खरं बोलता येत नाही.

रेवाचा फोन आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी गेलो. आज बोलायचंच असं ठरवून. बाय ओट्यावर लसूण सोलत बसली होती. शेजारची नर्मदावहिनी दारात तांदूळ निवडत होती, समोर पोरं क्रिकेट खेळत होती. मी बायसमोर बसलो.

"बाय, गाण्याचं सांगायचंय," मी म्हणालो.

"काय रं?"

"गाण्याचं!"

"जरा जोरान बोल. तोंडान काय घास हाय?"

नर्मदावहिनीनं सूप खाली ठेवलं. पोरांचा बॉल थांबला. बाय माझ्या ओठांकडे बघत होती, हातातली पाकळी तशीच धरून. मी छातीभर श्वास घेतला आणि ओरडलो:

"बाय, चाय ठेव!"

"आग्गो बाय!" ती खो खो हसली. "येवऱ्यासाठी बोंबललास होय?" आणि गुडघ्यावर हात टेकून उठली, आत गेली. मी पोरांकडे बघितलं, ती खेळायला लागली होती.

रेवा, ती कोणीतरी नव्हती. ओळ जशी होती तशी गा.

आणि बाय आत स्टोव्ह पेटवत असताना जे माझ्या ओठांवर तसंच राहिलं, ते एवढंच: बाय, हलद तूच वाटलेली. तुजा नाव मी गान्यातून काढला. मना माफ कर.